झिलीची मोजणी

पुण्याच्या कार्यक्रमाला तेवीस दिवस राहिले होते, तेव्हा आमचा सूर उतरतो हे पहिल्यांदा उघड झालं.

आधी आम्ही कोण ते सांगतो. वसमतला आमचा सहा जणांचा गायनाचा गट आहे. आम्ही जुन्या रचना गातो. जुन्या म्हणजे आपल्या मुलखात पेटी यायच्या आधीच्या. औंढ्याच्या बाजूला एका मठात हाताने लिहिलेली बाडं होती. त्यांत पदांचे शब्द होते, वर रागाचं नाव होतं, पण चाल नव्हती. चाल तिथल्या दोन-तीन म्हाताऱ्यांच्या गळ्यात होती. आमच्या ताई, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या संगीत शिक्षिका, नऊ वर्षं त्यांच्यापुढे जाऊन बसल्या आणि चौतीस चाली लिहून आणल्या. त्यातून गट उभा राहिला. वर्षाला चौदा-पंधरा कार्यक्रम होतात, मानधन मिळतं, आणि मानधन मिळतं म्हणून चुकायची मुभा नाही, असं ताई म्हणतात.

मी भूमिअभिलेख कार्यालयात जमिनी मोजतो. वय चोपन्न. गटात माझं काम झील धरण्याचं. पुढे गाणारा ओळ संपवतो तिथला शेवटचा स्वर मागच्या माणसाने उचलायचा आणि पुढची ओळ सुरू होईपर्यंत लांबवायचा, ही झील. तेवढ्यात गाणारे श्वास घेतात आणि झिलीच्या स्वरावरून पुढची ओळ उचलतात. ऐकणाऱ्याचं तिकडे लक्ष जात नाही. मला ते बरं वाटतं. अकरा वर्षं मी हे केलं. घर, कार्यालय आणि झील, याखेरीज माझ्याकडे चौथं काही नाही.

आमच्या कार्यक्रमातल्या पहिल्या चार रचना तंबोऱ्याशिवाय आहेत. मठात त्या देवळाभोवती फिरताना गात असत, हात मोकळे नसत, म्हणून त्यांना वाद्य नाही. आम्हीही घेत नाही, सुरुवातीला तंबोऱ्याचा षड्ज ऐकून घेतो एवढंच. चारही मिळून एकतीस मिनिटं लागतात. एरवी त्यानंतर आम्ही दहा मिनिटं थांबतो, पाणी पितो, मग तंबोरा लावून पाचवी रचना घेतो. पुण्याच्या लोकांनी सांगितलं की मध्ये थांबायचं नाही, पाचवी लागलीच सुरू करा. म्हणून त्या बुधवारी, शाळेच्या वर्गात, ताईंनी चौथी रचना संपताक्षणी तंबोरा छेडला.

जे ऐकू आलं ते सांगताना मला अजून अवघडल्यासारखं होतं. आमचा षड्ज एकीकडे आणि तंबोऱ्याचा दुसरीकडे, आणि मध्ये चांगली फट.

आमच्यात एक धनगर गडी आहे. मेंढरं राखतो, आवाज उंच आणि स्वच्छ. तो म्हणाला, "ताई, तंबोरा वर चढला जी!"

"तंबोरा जागेवर आहे," ताई म्हणाल्या. "आपण खाली आलो."

"किती?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. किती हा प्रश्न गटात माझ्याकडे येतो.

मी फोनवर सूर मोजायचं ॲप घेतलं. त्यात अर्ध्या सुराचे शंभर भाग असतात, एका भागाला सेंट म्हणतात. आम्ही अडतीस सेंट उतरलो होतो. पाच-सात असते तर कोणाला कळलंही नसतं. अडतीस म्हणजे पुण्याच्या पहिल्या रांगेतल्या माणसाने मान वर करून पाहण्याइतकं.

त्याच वेळी मी बोलून गेलो. कोणी विचारलं नव्हतं. "हे कोणामुळे होतं ते आकड्यात काढता येईल. ज्याच्यामुळे होतं त्याने पुण्यात या चार रचना गायच्या नाहीत. मोजमाप सगळ्यांना सारखं."

सगळ्यांनी मान डोलावली. टाळ वाजवणारे दोघे सख्खे भाऊ आहेत, त्यांनी तर एकदमच डोलावली. ते सगळं एकदमच करतात. ताई म्हणाल्या, "ठीक. नियम तुम्ही केलात, मोजणीही तुम्हीच करा."

मी वही घातली. प्रत्येक ओळीचा पहिला स्वर आणि शेवटचा स्वर, त्यांतला फरक. ॲप एखाददुसरा सेंट इकडेतिकडे दाखवतं, म्हणून ध्वनिमुद्रण लावून प्रत्येक जागा पाच वेळा तपासायची आणि सरासरी धरायची. त्या आठवड्यात मी जेवताना, दाढी करताना, कार्यालयाच्या गाडीत, सगळीकडे कान फोनला लावून होतो. वाढलेलं पान समोर असलं तरी उठून फेरी मारायचो, परत बसायचो. एका जागी बसवत नव्हतं.

खरं सांगायचं तर वही घालायच्या आधीच माझं मत झालेलं होतं.

आमच्यात सहावी एक बाई आहे, डोंगरकड्याच्या बाजूच्या तांड्यावरची. येऊन चौदा महिनेच झाले होते. घरी कापूस, हळद, दोन म्हशी. तांड्यावरच्या बायका गातात तसा तिचा गळा उघडा आहे, आणि ओळ संपवताना ती आवाज थोडा खाली सोडून देते. मी वहीत पहिल्याच दिवशी लिहिलं होतं: शेवट खाली सोडते. शनिवारी मी ताईंना फोन केला आणि म्हणालो, उद्या तिला बाजूला बसवून पाहा. माझं नाव घेऊ नका, असंही म्हणालो. हे वाक्य मला आज लिहावं लागतं आहे, पण म्हणालो होतो हे खरं.

रविवारी ताईंनी तिला सांगितलं, "आज तू फक्त ऐक."

"काहून? घसा चांगला हाय माझा."

"ऐकून बघ. कुठं काय होतं ते बाहेरून कळतं."

ती भिंतीशी बाकावर बसली. हात मांडीवर. एकतीस मिनिटं ती माझ्याकडे बघत होती असं मला वाटत राहिलं. कदाचित ती सगळ्यांकडेच बघत असेल.

तिच्याशिवाय आम्ही एकेचाळीस सेंट उतरलो. म्हणजे तीन सेंट जास्तच.

एका दिवसाच्या आकड्यावर विसंबायचं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. मग बुधवारी प्रत्येकाला वेगळं मोजायचं ठरवलं. पद्धत सोपी होती. एकाने पहिल्या रचनेची एक ओळ म्हणायची, मी झील धरायची, त्याने त्या झिलीवरून पुढची ओळ घ्यायची. अशा दहा ओळी. पहिल्या ओळीचा षड्ज आणि दहाव्या ओळीचा षड्ज यांत किती फरक पडतो ते पाहायचं. ताई सहा सेंट उतरल्या. धनगर गडी सात. भाऊ पाच आणि सहा. तांड्यावरची सहा.

"म्हणजे सगळेच उतरतात," मी म्हणालो. "थोडा थोडा दोष प्रत्येकाचा आहे."

"ब्येस झालं," धनगर गडी म्हणाला. "मग पुण्याला कोणीच जायाचं न्हाई. मोजणीसायेब एकलेच जातील आन् फोन दाखवून येतील."

भाऊ हसले. ताईही हसल्या. तांड्यावरची हसली नाही. ती वहीकडे बघत होती. वहीत पाच नावांची पाच घरं होती.

"भाऊ," ती मला म्हणाली, "समदे सारखेच उतरून राहिले म्हणता. मी बी सहा, ताई बी सहा. आमचे गळे तर सारखे न्हाईत."

"नाहीत."

"मग तुमाला कोणी मोजलं?"

"मी झील धरत होतो. झील कशी मोजणार? ती तर माप आहे."

"व्हय का," ती म्हणाली आणि पिशवी उचलून एस्टीला गेली.

दुसऱ्या दिवशी मला एका शेताची मोजणी होती. दोन चुलतभावांचा बांधाचा वाद. बांधावर दोन्हीकडची माणसं उभी, एकमेकांना न बोलता. आता यंत्रं नवीन आली आहेत, पण काम तेच. आधी गावातला एक जुना, पक्का दगड शोधायचा, तो जागेवर आहे का ते नकाशाशी ताडून बघायचं, आणि मगच त्यावरून पुढे मोजायचं. हे मी एकतीस वर्षं करत आलो आहे. तो दगड दोन हात सरकलेला असेल तर त्यावरून मोजलेलं प्रत्येक शेत दोन हात सरकतं, आणि गंमत म्हणजे सगळी सारखीच सरकल्यामुळे चूक कागदावर दिसत नाही.

मी दगडाशी वाकलो होतो. तसाच थोडा वेळ वाकून राहिलो. चुलतभावांपैकी थोरला म्हणाला, "सायेब, कंबर धरली का?"

"नाही नाही," म्हणालो आणि काम सुरू केलं. त्या दिवशी मी एक आकडा चुकीचा लिहिला आणि खोडला. माझ्या कागदांवर खाडाखोड फार नसते.

शुक्रवारी पहाटे सहा वाजता घराच्या गच्चीवर जाऊन मी स्वतःला मोजलं. फोन कठड्यावर ठेवला आणि वीस वेळा झील धरली. आमच्या लयीत एक झील बारा सेकंदांची असते. पहिले आठ सेकंद सूर रेघेसारखा सरळ. नवव्या सेकंदापासून रेघ खाली. बाराव्याला चार सेंट खाली. वीसपैकी वीस वेळा. मला स्वतःला काही ऐकू येत नव्हतं. कानाला सूर जागच्या जागी वाटत होता. हे मला आकड्याहून जास्त लागलं.

बाकीचा हिशोब सोपा होता. चार रचनांत मिळून चौसष्ट झिली. दर झिलीत मी चार सेंट खाली यायचो, पुढचे गाणारे त्यातले बहुतेक सावरून वर घ्यायचे, पण अर्ध्या सेंटाहून थोडं जास्त राहून जायचं. ते चौसष्ट वेळा. अडतीस होतात.

तो सबंध दिवस आणि शनिवार मी कोणाला काही बोललो नाही. एकदा वाटलं, रोज सकाळी श्वासाचा सराव केला तर बारापर्यंत नेता येईल. सहा दीर्घ श्वास घेऊन पाहिले, पुन्हा मोजलं, पुन्हा आठ. एकदा वाटलं, बुधवारपासून झील थोडी लवकर सोडावी, कोणाला कळणार नाही, आकडा सुधारेल, आणि वहीत कारण लिहू नये. हे वाटलं एवढंच नाही, मी त्याचा सरावही केला. घरात हॉल ते स्वयंपाकघर अकरा पावलं आहेत. ती मी किती वेळा चाललो ते मोजलेलं नाही.

बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "काहून येरझारा घालून राहिले? फरशी झिजंल."

मी तिला सगळं सांगितलं. फोनचंही सांगितलं, ताईंना केलेल्या.

ती मेथीची काडी मोडत राहिली. मग म्हणाली, "दुसऱ्याची हद्द सरकली तर तुमी तिथल्या तिथं सांगता. लोक भांडत असले तरी सांगता. आता काय झालं?"

"झील गेली तर मी तिथं काय करणार?"

"ते मला न्हाई ठाऊक," ती म्हणाली. "पण त्या बाईला बाकावर बसवलं ते तुमी."

रविवारी मी सराव सुरू व्हायच्या आधी उभा राहिलो आणि वही वाचून दाखवली. वीस झिली, आठ सेकंद, चार सेंट, चौसष्ट, अडतीस. मग म्हणालो, "मागच्या रविवारी हिला बाजूला बसवायला मीच ताईंना सांगितलं होतं. माझं नाव घेऊ नका, असंही मीच सांगितलं."

धनगर गडी डोकं खाजवत म्हणाला, "म्हंजी गळ्यात घंटा बांधलेलं मेंढरूच वाट चुकलं म्हणा की. आन् आमी मागनं समदे नीट चालून राहिलो."

भाऊ हसणार होते, पण त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि राहिले.

तांड्यावरची म्हणाली, "त्या ऐतवारी मी दीड तास एस्टीत उभी राहून आले होते, भाऊ."

एवढंच. मी चुकलो म्हणालो. तिने मान हलवली. ती हो होती की राहू द्या होती, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

ताई व्यवहारी आहेत. त्या म्हणाल्या, "आठ सेकंद तुम्ही धरा, पुढचे चार दुसऱ्या कोणीतरी. प्रश्न मिटतो."

ते खरंच सोपं होतं. माझ्या तोंडापर्यंत हो आलं होतं. पण सगळ्यांच्या समोर मी नियम केला होता, आणि जिच्यावर तो लागेल असं मला वाटलं होतं, तिच्यासाठी मी आठ सेकंदांची सोय शोधली नसती. हे मला पक्कं माहीत होतं. "नियम नियमासारखा राहू द्या," मी म्हणालो.

"बघा हं. तुम्ही म्हणाल तर मी मोडते."

"नको."

"मग तंबोरा तुमच्याकडे," ताई म्हणाल्या. "आणि झील हिच्याकडे."

बारा दिवस उरले होते. तिला मी काही शिकवलं नाही, शिकवण्यासारखं काही नव्हतं. ओळ संपवताना आवाज खाली सोडणारी ती बाई झील मात्र दोरीसारखी ताणून धरायची, आणि आमच्या पायाचा ठेका पडला की त्याच्या आडून नाकाने इतका बारीक श्वास घ्यायची की जवळ बसूनही कळायचं नाही. मी विचारलं, हे कुठं शिकलीस?

"तांड्यावर लग्नात गातात तवा समद्या बाया एकदम दम न्हाई घेत, भाऊ. एक घेते, दुसरी धरते. गाणं तुटलं तर म्हाताऱ्या वरडतात."

पहिल्या दिवशी आम्ही नऊ सेंट उतरलो. मग सात. मग सहा. मी वहीत लिहीत गेलो. प्रत्येक आकडा चांगला होता, आणि तो लिहून झाला की मी वही मिटून वर्गाच्या दारात जाऊन उभा राहायचो.

पुण्याचं सभागृह वातानुकूलित होतं आणि चांगलंच गार होतं. पडदा वर जायच्या आधी मी तंबोरा लावला, तीनदा तपासला. मग ते पाच पुढे उभे राहिले आणि मी मागे, मांडीवर तंबोरा आडवा, तारांवर हात ठेवून, म्हणजे चुकून आवाज होऊ नये.

पहिली रचना सुरू झाली तशी मला नवीनच काळजी लागली. गारव्याने तारा आखडतात. तंबोरा या अर्ध्या तासात वर चढला, तर हे पाच जण बरोबर असूनही उतरलेले ठरतील, आणि तो दोष पुन्हा माझ्याच हातातला. तपासायचं तर तार वाजवावी लागणार. वाजवता येत नव्हती. फोन बंद करून खिशात होता. कानाने ठरवावं, तर गच्चीवर कानाने मला काय सांगितलं होतं ते मला ठाऊक होतं. मी तंबोऱ्याच्या लाकडाला तळहात लावून ठेवला. लाकूड गार झालं आहे की माझा हात, ते कळेना. पहिली संपली. दुसरी संपली. तिची झील मागून ऐकताना दर वेळी मीही श्वास धरून मनात सेकंद मोजायचो. आठ. नऊ. दहा. सूर हलत नव्हता. की हलत होता आणि मला कळत नव्हतं? तिसऱ्या रचनेत डाव्या पायाला मुंग्या आल्या आणि मी पाय बदलला नाही.

चौथीची शेवटची ओळ आली. झील लागली. ताईंनी मान न वळवता पाठीमागे बोट हलवलं, ती माझी खूण.

मी पहिली तार छेडली, मग जोडाच्या दोन.

फट नव्हती. स्वर स्वरात गेला. धनगर गड्याचे खांदे खाली आले ते मला मागून दिसलं. किती सेंट ते मला माहीत नाही. त्या दिवशीचं ध्वनिमुद्रण नंतर मिळालं, पण मी ते मोजलेलं नाही.

नियम फक्त त्या चार रचनांपुरता होता. पाचवीला झील माझी होती, तंबोरा सोबत असल्यामुळे. ताईंनी पहिली ओळ संपवली आणि मी स्वर उचलला. मनात मोजत होतो. सहा, सात, आठ. आठला मी थांबलो. असं करायचं हे कोणाशी ठरलेलं नव्हतं, सरावातही केलं नव्हतं. पुढे चार सेकंद रिकामे पडणार होते आणि ते मी रिकामे पडू देणार होतो.

ते पडले नाहीत. तिने वळून न बघता तोच स्वर धरला आणि बारापर्यंत नेला.

परतीच्या गाडीत ती माझ्या पुढच्या बाकावर होती. जिंतूरच्या पुढे कधीतरी तिने मागे वळून विचारलं, "भाऊ, बुधवारी आठलाच सोडणार का?"

"आठला," मी म्हणालो. "पण दर महिन्याला मोजावं लागेल. आठ कायम राहतील असं नाही."

"मोजा की," ती म्हणाली. "या टायमाला तुमचं घर वहीत पयलं घाला."

घरी आल्यावर मी वहीत माझं सहावं घर आखायला घेतलं. पाचांच्या वर जागा नव्हती, म्हणून पान नवं घेतलं.